पंक्चरवाल्या मामांना पत्र

जुळे सोलापूर

मामा, नमस्कार.

गल्लीतल्या झाडांसाठी समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही “राहू दे की ओ” म्हणत ट्यूब पाण्यात बुडवायला घेतली असती. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

पहिल्या वर्षी ५ जूनला आम्ही ४० रोपं लावली. फोटो झाले, वडापाव झाले. तुम्ही दुकानातूनच विचारलंत, “पाणी कोण घालणार?” खरं सांगतो, राग आला होता. आपल्याकडे पाऊस जोर धरतो तो सप्टेंबरात. मधल्या उघडिपीत निम्मी रोपं गेली. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या आणि उरलेल्यांची मुळं उघडी पडली. नळाला दिवसाआड पाणी मिळालं तरी नशीब म्हणणाऱ्या गावात झाडासाठी बादली कोण उचलणार?

दुसऱ्या वर्षी तुमचं ऐकलं. रोपं २४च, पण छातीएवढी. कडुलिंब, करंज, आणि भिंतीपासून लांब एक पिंपळ. घरटी एक झाड वाटून दिलं. प्रत्येकाशेजारी कोरं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, तोंडावर खापरी. आठवड्यातून दोनदा भरायचं, की पाणी झिरपत मुळाशी जातं. वरून ओतलेलं निम्मं ऊनच पितं. आम्ही आधाराच्या काठीला तार गुंडाळत होतो. तुम्ही ती सोडवलीत, चादरीच्या कारखान्यातला टाकाऊ सुती दोरा आणलात आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास घातलात. “खोड जाड झालं की तार गळा कापती.”

आणि पेव्हर ब्लॉकचा तो दिवस! झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी २०१३ मध्येच सांगितलंय, हे मी मोबाईलवर शोधत बसलो होतो. तोवर तुम्ही प्रत्येक बुंध्याभोवती जुना टायर टाकून मोकळे. “ह्याच्या आत सिमेंट नको,” एवढंच म्हणालात. कामगारांनी ऐकलं. (माझं कुणी ऐकलं नसतं.)

२४ पैकी १९ जगली. करंजाच्या सावलीत आता तुमचीच गिऱ्हाईकं थांबतात, त्याचा हिशेब वेगळा करू.

पिंपळाला पार बांधायचं गल्लीत चाललंय. तुम्ही नको म्हणताय, तर नाही बांधत. पण बोअरच्या क्षारानं मडक्यांची छिद्रं बुजलीत, पाणी झिरपेना. रविवारी कुंभाराकडे जाऊ. गाडी माझी, हवा तुम्ही भरा.

तुमचा,
समोरच्या बिल्डिंगमधला, तार गुंडाळणारा