भूकंपाचं सगळे विचारतात, ट्यूबांचं कोण विचारणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात जैतापूर अणुप्रकल्पाची बातमी आली की दोनच गोष्टी असतात, भूकंप नाहीतर मासेमारी. बरोबरच आहे म्हणा, पण मी साखर कारखान्यात बॉयलरवर 30 वर्षं काढलेला माणूस, मला आधी ट्यूबाच, म्हणजे पाणी-वाफेच्या नळ्याच आठवतात.

आमच्याकडं कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ थंड होऊन परत आलेल्या पाण्यात, उसाचा रस मिसळला की बॉयलरचं पाणी आंबट व्हायचं, ट्यूबा आतनं खाल्ल्या जायच्या आणि ऐन हंगामात बॉयलर बंद करून गळकी ट्यूब प्लग करत, म्हणजे तोंड बुजवून बंद करत बसायला लागायचं, वर शेतकी खात्याची बोलणी वेगळीच. अणुभट्टीतला स्टीम जनरेटर, म्हणजे तिथला वाफ करणारा बॉयलरच, त्याचं हेच दुखणं, फक्त तिथं ट्यूबा हजारांनी, आणि भिंत जेमतेम 1 मिलिमीटर. आत किरणोत्सारी पाणी, बाहेर वाफेचं पाणी, मधे तेवढीच भिंत. त्यात प्रकल्प समुद्राकाठी, समुद्राच्या पाण्यानं वाफ थंड करणारा कंडेन्सर जरा जरी गळला की खारं पाणी आत, त्यातलं क्लोराइड ट्यूबशीटवरच्या, म्हणजे ट्यूबा बसवलेल्या जाड प्लेटवरच्या गाळात साठतं आणि तिथंच चिरा सुरू. जैतापूरला सहा अणुभट्ट्या ठरल्यात, एकेकीला चार स्टीम जनरेटर, म्हणजे 24 झाले, करा हिशोब.

अमेरिकेत अलॉय 600 या निकेलच्या मिश्रधातूच्या ट्यूबांना इतक्या चिरा गेल्या की आख्खे जनरेटर काढून अलॉय 690 चे बसवायला लागले. लांब कशाला, आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांची क्षमता 210 वरनं 160 मेगावॉटवर आणली, ती स्टीम जनरेटरच्या ट्यूबा गळायला लागल्या म्हणूनच.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते जपानचं. तिथल्या मिहामा अणुप्रकल्पात ऑगस्ट 2004 मधे गरम पाण्याचा पाइप फुटून 5 कामगार गेले. किरणोत्सार नाही काही नाही, साधं पाणी. 10 मिलिमीटरचा पाइप झिजून दीड मिलिमीटरच्याही आत आला होता आणि 1976 ला प्लांट सुरू झाल्यापासनं त्या जागेची जाडी एकदाही मोजली नव्हती, कारण ती जागा तपासणीच्या यादीतच नव्हती! आमच्या कारखान्यात सुद्धा सीझन संपला की कोपऱ्यातला बेंड आधी ठोकून बघायचे राव.

तर तुमच्या बातमीदाराला एवढंच सांगा, कारवारजवळचा कैगा अणुप्रकल्प काय आपल्याला लांब नाही, तिथं चालू युनिटांत आजवर किती ट्यूबा प्लग केल्या, ट्यूबांतल्या चिरा विजेच्या प्रवाहानं शोधायची एडी करंट तपासणी किती वर्षांनी होते, आणि यादीत नसलेली जागा कोण शोधतं, हे विचारून छापा.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट,
राजारामपुरी, कोल्हापूर