सावली आहे म्हणून पेव्हर कशाला, अबोली लावा की

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सावलीतल्या बागेवर लेख आला होता, तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला आणि त्याच्यावरून जी काय जुंपली ती बघून हे पत्र लिहितेय. लेख वाईट नव्हता, पण सगळी झाडं कुंडीतली आणि हॉलमधली, झेडझेड, स्नेक प्लांट, पीस लिली, मनी प्लांट. ती असू देत हो, ती काय पाणी विसरलं तरी जगतात. पण ठाणे-डोंबिवलीकडच्या प्रत्येक बिल्डिंगला मागच्या बाजूला कंपाउंड वॉलपर्यंत चार-पाच फुटांचा एक पट्टा असतो, ऊन येत नाही, शेवाळ धरतं, वरून कोणाच्या तरी गॅलरीतलं पाणी टपकतं, त्या जमिनीत काय लावायचं ते कोणीच सांगत नाही. मग कमिटीत दोनच सूचना येतात. एक म्हणजे झाडाच्या फांद्या उडवा म्हणजे ऊन येईल, नाहीतर सरळ पेव्हर ब्लॉक टाका, चिखल नको नि डास नकोत. आमच्याकडे अर्ध्या पट्ट्यावर पेव्हर बसले सुद्धा, आता पावसात तिथलं पाणी मुरत नाही ते मीटर रूमच्या दारात येतं.

फांद्यांचं म्हणाल तर तो सोसायटीच्या मर्जीचा विषयच नाही, १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, त्यात झाड 'तोडणे' म्हणजे फक्त बुंध्यावर कुऱ्हाड नाही तर झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही धरलंय, पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारावं लागतं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या वरची झाडं हेरिटेज झाली. हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर अंगठे येतात, वाचत कोणी नाही.

असो. माझा मुद्दा अबोलीचा.

अबोलीचा रंग सगळ्यांना माहितीये, साडीत आहे, बायका चालवतात त्या रिक्षांना सरकारनं तोच रंग दिला, पण झाड लावा म्हटलं की लोक म्हणतात ते तर देवळाबाहेर वेणीत मिळतं ना. अहो ते झुडूप आहे, दीड-दोन फुटांचं, फार तर तीन, बारा महिने हिरवं, पानं गर्द आणि चकचकीत, कडा जराशा लाटेसारख्या. अडुळसा आणि कोरांटीच्याच कुळातलं. मूळ आपल्याच दक्षिणेकडचं आणि श्रीलंकेचं, तमिळ-तेलुगू लोक कनकांबर म्हणतात. फूल नसलं तरी पानांवरच ते शोभतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण सावलीच्या जागी फुलांचा भरवसा धरून चालत नाही. आणि त्याला कडक ऊन नकोच असतं. भर उन्हात लावलेल्या अबोलीची पानं पिवळट पडतात, फुलाचा रंगही उडतो. आमच्या सासूबाई मालवणच्या, त्यांच्याकडे नारळी-पोफळीच्या खाली अबोली असते, वेगळी बाग अशी कोणी करत नाही, न्हाणीचं पाणी जातं त्या कडेला ती आपली फुललेली. गोव्यात तर मंगेशीला जा नाहीतर पणजीच्या बाजारात, अबोलीच्या फाती, म्हणजे ओवलेल्या माळा, घेऊन बायका बसलेल्याच असतात. वास नाही, वजन नाही, पण माळली की दुसऱ्या दिवशीही ताजी, मोगरा संध्याकाळी मान टाकतो तशी ही टाकत नाही.

आता सावली सावली म्हणतो पण सगळी सावली एक नसते, आणि लोक फसतात ते इथेच. नारळाखालची सावली म्हणजे झिरझिरीत, ऊन सरकत सरकत सगळीकडे थोडं थोडं येतं. पर्जन्यवृक्षाखालीही चालतं. दाट आंब्याखाली किंवा वडाखाली मात्र अबोली जगेल पण फुलायची नाही, शिवाय तिथे वरच्या वीतभर मातीत त्या मोठ्या झाडाचीच मुळं पसरलेली असतात, तुम्ही घातलेलं खत-पाणी तेच पिऊन टाकणार. मी एक सोपी खूण सांगते, दुपारी बाराला जमिनीवर हात धरा. हाताची सावली अंधुक का होईना पण ओळखू आली तर लावा. काहीच उमटली नाही तर तिथे अबोलीच्या नादी लागू नका.

बिल्डिंगची सावली हा अजून वेगळा प्रकार. पूर्वेची बाजू सगळ्यात भारी, सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन मिळतं मग दिवसभर थंड, अबोलीला याच्यापेक्षा जास्त काही नको. पश्चिमेला दुपारनंतर भिंत तापते आणि झाड भाजतं, तिथे नको. उत्तरेचं गणित मात्र लोकांच्या लक्षातच येत नाही. तुमच्याच पेपरात दरवर्षी शून्य सावली दिवसाची, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाची, बातमी येते, मुंबई-ठाण्याला तो मे च्या मध्याला एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा असतो. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे जो उत्तरेचा पट्टा थंडीभर अंधारात होता त्याच्यावर मे अखेरीला थेट डोक्यावरचं ऊन येतं, तेही पाऊस सुरू व्हायच्या आधीचं, वर्षातलं सगळ्यात कडक. झाड नोव्हेंबरात लावलं, छान वाढलं आणि मे मधे अचानक करपलं तर माळ्याला बोल लावू नका, हे कारण असतं. जूनमधे ढग आले की प्रश्न संपला, तेवढे दोन-तीन आठवडे हिरवी शेडनेट बांधा आणि बुडाशी पालापाचोळा जाड घाला, बास.

दुसरी गोष्ट मातीची, आणि याच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण नव्वद टक्के कटकट इथूनच सुरू होते (नव्वद आपलं म्हणायचं म्हणून). बिल्डिंगच्या मागच्या पट्ट्यात माती नसतेच, राडारोडा असतो. बिल्डरनं सिमेंट, प्लॅस्टर, टाइल्सचे तुकडे सगळं तिथेच गाडलेलं असतं आणि वर एक ट्रक लाल माती पसरून फोटो काढलेले असतात. सिमेंट आणि चुन्यामुळे ती जागा अल्कधर्मी होते, तशा मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही. मग अबोलीची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की लोक काय करतात, युरिया टाकतात नाहीतर पाणी वाढवतात, दोन्हीनं काही होत नाही, उलट पाण्यानं मूळ कुजतं. दीड-एक फूट खणून तो कचरा बाहेर काढा, नवीन माती, भरपूर शेणखत किंवा सोसायटीचं कंपोस्ट, आणि निंबोळी पेंड. तरीही पिवळेपणा राहिला तर हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) अगदी थोडं, पाण्यात विरघळवून द्यायचं, दुकानदाराला प्रमाण विचारून, अंदाजपंचे चमचे ओतू नका. बोअरचं जड पाणी असेल तर तेही हेच करतं. एसीचं पाणी मात्र क्षार नसलेलं असतं, ते बादलीत धरून घातलंत तर चांगलंच, फक्त एसीचा गरम वारा झाडावर येणार नाही असं बघा, आमच्याकडे दोन झुडपं त्यानंच वाळली.

निचरा बघायचा असेल तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओता आणि चहा पिऊन या. तासाभरानंही पाणी तसंच असेल तर तिथे वाफा उंच करा, वीतभर तरी. कोकणात जांभा दगड आहे म्हणून पाणी निघून जातं, आपल्याकडे काळी माती आणि खाली काँक्रीट, जुलैच्या पावसात अबोली बुडाशी सडते. मर रोग पण येतो, आज हिरवंगार झाड आणि चार दिवसांत मान टाकलेली, ते उपटून जाळायचं किंवा कचऱ्यात द्यायचं, कंपोस्टमधे नाही आणि लगेच त्याच जागी दुसरी अबोली नाही. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, हे अबोलीचं जुनं दुखणं आहे, निंबोळी पेंड त्यासाठीच सुरुवातीपासून घालायची आणि जिथे थोडं ऊन आहे तिथे मधे मधे झेंडू लावायचा. पिठ्या ढेकूण आणि मावा येतो अधूनमधून, साबणाच्या पाण्यानं जातो.

रोपं कुठून आणायची तर नर्सरीत जाऊन नुसतं अबोली म्हटलं की हल्ली क्रॉसँड्रा म्हणून बुटकी, कुंडीतली पिवळी-केशरी जात हातात देतात. ती वाईट नाही, पण जमिनीत लावायला आपली साधी गावठी बरी. दिल्ली अबोली म्हणून एक मिळते, गडद केशरी, फूल भरपूर, पण तिला बी धरत नाही, ती काडीनंच वाढवायची. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं अर्का अंबरा, अर्का कनका अशा जाती काढल्यात, त्या शेतकऱ्यांसाठी जास्त, सोसायटीला एवढं कशाला. गावठीचं बी मात्र मजेशीर असतं, फुलांचं कणीस वाळलं आणि त्याला पाणी लागलं की बोंडं तडतड फुटतात आणि बी लांब जाऊन पडतं, इंग्रजीत तिला फटाक्याचं फूल म्हणतात ते म्हणूनच, लहान मुलांना एकदा दाखवलंत की ती रोज पाणी घालायला स्वतःहून येतात. बी ताजं असलं तर रुजतं, जुनं झालं की नाही. नाहीतर श्रावण-भाद्रपदात, पाऊस जरा मवाळ झाला की, वीतभर काड्या सावलीतच खोचा. दोन झाडांत फूट-सव्वा फूट ठेवा, म्हणजे वर्षभरात माती दिसत नाही.

कणसात फुलं खालून वर उमलत जातात, वरचं शेवटचं फूल गेलं की ते कणीस कापून टाका, तसंच ठेवलं तर झाड बी करण्यात गुंतून पडतं आणि नवीन फुटवे कमी येतात. वर्षातून एकदा, थंडी सरताना, अर्ध्यावर छाटायची. आमचे माळीकाका याला घाबरतात, हिरवं झाड कापायचं म्हणजे त्यांच्या जीवावर येतं, पण छाटलं नाही तर दोन वर्षांत नुसते दांडके आणि टोकाला चार पानं. थंडीत नाशिककडे वगैरे ती रुसून बसते, वाढच थांबते, मरत नाही सहसा, तेव्हा पाणी कमी करा.

आता कोणी म्हणेल अबोलीच का, तगर आहे, कुंती आहे. आहेत ना. तगर तर अबोलीपेक्षा जास्त सोसते आणि माणसाच्या उंचीची होते, मीटर रूम किंवा ड्रेनेजचे पाइप झाकायचे असतील तर तगरच लावा, फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका आणि बोटाएवढी हिरवी अळी दिसली की किंचाळून औषध मारू नका, तिचा पुढे सुंदर पतंग होतो, पानं परत येतात. कुंतीचा वास अख्ख्या बिल्डिंगला येतो, पण तिला फुलायला अबोलीपेक्षा जास्त उजेड लागतो, आणि लिंबाचं झाड जवळ असेल तर नको, लिंबाला रोग देणारी कीड कुंतीवरही पोसते. म्हणजे मागे तगर आणि तिच्या पायाशी अबोलीची रांग अशी जोडी केली तर चार फुटांचा पट्टा भरून जातो आणि कोणाच्या खिडकीचा उजेडही अडत नाही.

माझी तक्रार खरं तर पालिकेच्या उद्यानांबद्दल पण आहे. मोठमोठ्या पर्जन्यवृक्षांखाली दरवर्षी लॉन लावतात, लॉनला ऊन लागतं हे शाळेतल्या मुलालाही कळेल, पावसाळ्यात ती हिरवी दिसते, डिसेंबरात टक्कल, मग परत टेंडर आणि परत लॉन. त्या जागी अबोली लावायला एकदाच खर्च येईल आणि पुढची रोपं तिथल्याच काड्यांची होतील. बहुतेक म्हणूनच लावत नसावेत.

तुम्हाला एवढीच विनंती की पुढच्या पुरवणीत कुंडीबाहेरच्या, जमिनीतल्या सावलीवर कोणाकडून तरी लिहून घ्या, जमलं तर सप्टेंबरच्या आत, म्हणजे यंदाच काड्या लावायची वेळ साधता येईल. आमच्या उरलेल्या अर्ध्या पट्ट्याचा ठराव सर्वसाधारण सभेत यायचाय, पेव्हरवाल्याचं कोटेशन आलेलं आहे, आणि सेक्रेटरी तुमचाच पेपर वाचतात.

आपली,
एक वाचक, ठाणे