कॅम्बर बोल्ट घेण्याआधी ओळंबा लाव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. पुढचे टायर आतल्या कडेने खाल्ले गेलेत आणि वळणावर गाडी बाहेर फेकल्यासारखी होते, म्हणून कॅम्बर बोल्ट, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल (कॅम्बर) बदलू देणारा बोल्ट, टाकायचं तुझ्या मनात आहे. जरा थांब. या दोन तक्रारी कॅम्बरला दोन उलट दिशांना ओढतात. वळणावर पकड हवी तर चाकाचा माथा आत झुकवायला हवा, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढवायला हवा. आतली कड वाचवायची तर तो कमी करायला हवा. एका बोल्टने दोन्ही कसं साधणार?

मला तरी तुझ्या टायरचा खरा चोर टो वाटतो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते. टायरच्या पृष्ठभागावरून हात आडवा फिरवून बघ. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर टो बिघडलाय. नुसत्या कॅम्बरची झीज गुळगुळीत असते, आणि शहाण्या मर्यादेतला कॅम्बर टायर इतक्या लवकर संपवत नाही.

तुझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच खांबात. अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना पुढे आणली. कमी भाग, कमी जागा, म्हणून ती सगळीकडे पसरली. उणीव एवढीच, की बॉडी वळणावर कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. आधीच थोडा निगेटिव्ह कॅम्बर ठेवायचा तो यासाठी. पण बहुतेक स्टॉक गाड्यांत कंपनीने पुढे फक्त टो बदलायची सोय दिलेली असते.

मोजायला मशीनच लागतं असं नाही. सपाट जमीन बघ, दोन्हीकडची हवा सारखी कर, स्टीअरिंग सरळ ठेव, गाडी थोडी मागेपुढे ढकलून बसू दे. मग चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोड, दोरी टायरच्या फुगवट्याला टेकू देऊ नकोस. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोज. दोन कडांमध्ये ४०० मिलिमीटर असतील, तर ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ अंश. वरचं अंतर जास्त, तर कॅम्बर निगेटिव्ह. दोन्ही चाकांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक निघाला, तर बोल्टाचा विचार बाजूला ठेव आणि काय वाकलंय ते शोध.

हे मी इतक्या ठासून सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या गाडीचं डावं चाक एका खड्ड्यात जोरात आपटलं होतं. अलाइनमेंटच्या कागदावर कॅम्बर डावीकडे उणे १.९, उजवीकडे उणे ०.७ अंश. तिथल्या माणसाने कॅम्बर बोल्ट टाकला, लाल आकडा हिरवा झाला आणि मी निर्धास्त झालो. काही महिन्यांनी स्ट्रट काढला, तर ब्रॅकेटच्या जरा वर नळी वाकलेली, आत दांडा अर्ध्यातच अडकत होता, आणि खाली तेलाचा ओघळ. तेवढे दिवस मी घरच्यांना त्या स्ट्रटवर बसवून फिरवलं, ही गोष्ट अजून मनातून जात नाही. त्या कागदावर एसएआयचाही, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या आतल्या कलाचाही, आकडा होता. तो आणि कॅम्बर मिळून येणारी बेरीज दोन्ही बाजूंना सारखी नसेल, तर स्ट्रट किंवा नकल (स्ट्रटच्या खाली चाकाचा हब धरणारा भाग) वाकलाय असं समजायचं. तेव्हा मी तो आकडा पाहिलाच नाही.

सगळं सरळ निघालं आणि तरीही वळणासाठी थोडा कॅम्बर हवा असेल, तर आधी फुकटचा उपाय कर. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत अनेकदा थोडी ढील असते. जुन्या जागेची खूण करून नट सैल कर, नकलचा माथा आत दाबून धर आणि तसाच आवळ. कधी कधी अर्धा अंश एवढ्यातच मिळतो. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) पक्की हवी. दोन्ही बोल्ट एकदम काढू नकोस. हब बाहेर लवंडला तर ब्रेकचा पाइप आणि सेन्सरची वायर ताणली जाते, ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधाही निसटू शकतो. नट नवे घे आणि टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधलाच धर, अंदाजाने आवळू नकोस. एवढ्याने भागलं नाही तरच कॅम्बर बोल्ट. रोजच्या गाडीला उणे १ ते उणे दीड पुष्कळ झालं; त्यापुढे सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना टायरचा पूर्ण पंजा जमिनीला लागत नाही.

आणि कॅम्बर हलवला की टो हलतोच. म्हणून टो शेवटी, त्याच दिवशी करून घे. आधी टो केलास तर ते काम वाया जाईल.

रविवारी ओळंबा लाव आणि चारही मापं मला कळव. डावीउजवीकडचा फरक कळेपर्यंत काही विकत घेऊ नकोस.

तुझाच,
मित्र