चिन्मयच्या डब्याविषयी

रामबाग, इंदूर

प्रिय अव्या,

वहिनींचा फोन झाला आणि तासाभरात तुझा मेसेज. प्रश्न एकच: चिन्मय आता माझ्यासारखा पायलट, चार-चार दिवस घराबाहेर असणार, तर पोरगा खाणार काय? फोनवर आटपण्यातली गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र चिन्मयला दे, पण त्याआधी एक ऐक. डबा त्याला स्वतःला भरायला लाव. वहिनी पहाटे अडीचला उठून पोळ्या लाटायला लागल्या की वर्षभरात त्या थकतील आणि त्याला काही येणार नाही.

तू जन्म रेल्वेच्या इंजिनावर काढलास, तुला डब्याचं काय नवल. पण तुमच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतिगृहात, पोचल्यावर कोणीतरी गरम पोळी वाढतं. आम्हा पायलटांना हॉटेल झकास मिळतं, पण रात्री दीडला खोलीत शिरलं की समोर एक किटली आणि चहाच्या दोन पुड्या. खालचं किचन बंद, किंवा चालू असलं तरी डाळ-भाताचे चार-पाचशे रुपये. महिन्याकाठी हिशेब मांड, म्हणजे नव्या फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, पगाराला कुठून गळती लागते ते कळेल. त्यात ट्रेनिंगचं कर्ज डोक्यावर.

‘कंपनी जेवण देते ना?’ असं वहिनी विचारतील. देते. पण ते पोट भरण्यापुरतं. मैदा, पनीर, तोच तांबडा रस्सा आणि वर काहीतरी गोड. एखादा दिवस ठीक, रोज तेच झालं की पॅन्टचा हूक सांगायला लागतो. आमचं मेडिकल म्हणजे नोकरीची किल्ली. साखर, रक्तदाब, ईसीजी यांतलं काही बिघडलं तर सगळी हुशारी जमिनीवर. शिवाय वेळेचा प्रश्न आहेच. चार सेक्टरचा, म्हणजे चार उड्डाणांचा, दिवस असला की दोन उड्डाणांमधल्या अर्ध्या तासात इंधन, लोडशीट (वजनाचा तक्ता), विमानाभोवती फेरी. खायला जागाच नाही. खायचं ते वर, विमान एका उंचीवर सरळ उडत असताना, कंट्रोल शेजारच्या वैमानिकाकडे सोपवून, दहा-बारा मिनिटांत. एअरबसमध्ये निदान समोर ओढायचं टेबल असतं. बोइंग 737 मध्ये समोर योक (विमानाचं सुकाणू), म्हणजे डबा मांडीवर.

म्हणून माझं सांगणं इतकंच, की पायलटचा डबा जिभेकडे बघून भरायचा नाही, घड्याळाकडे बघून भरायचा. जे आधी नासणार ते आधी संपवायचं.

पहिल्या जेवणाला ओलं चालतं: दहीभात, पालेभाजी-पोळी, काकडी. भात मात्र पहिल्याच जेवणाला, पुढे न्यायचा नाही. तांदळात असे जिवाणू असतात की त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात, विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. 5 ते 60 अंश सेल्सियस हा सगळा पट्टा धोक्याचा, आणि आपल्याकडे मे महिन्यात बॅग नुसती जमिनीवर ठेवली तरी त्या पट्ट्याच्या मधोमध. भात शिजला की परातीत पसरून झटपट गार करायचा, मग फ्रीज, मग पिशवी. पिशवीत गोठवलेली पाण्याची बाटली ठेवायची. डबाही गार राहतो आणि दुपारपर्यंत प्यायला पाणीही होतं. महागड्या जेल पॅकच्या नादी लागू नकोस म्हणावं.

दुसऱ्या दिवसासाठी दशमी. आई अजून करते, आता मीही करतो. कणकेत पाण्याचा थेंब नाही, फक्त दूध; गोड हवी तर गूळ त्या दुधातच विरघळवायचा. पीठ घट्ट मळायचं, पोळी जरा जाड लाटायची, मंद तव्यावर कडेने तूप सोडत दोन्हीकडून बदामी ठिपके येईतो भाजायची. खरी मेख पुढे आहे: गरम दशमी डब्यात घालायची नाही. सुती पंचावर एकेक सुटी पसरायची आणि हाताला पूर्ण गार लागली की मगच चळत रचायची. गरम भरली की झाकणाला आतून घाम धरतो, तो टपटप वरच्या दशमीवर पडतो आणि बुरशीची सुरुवात तिथूनच. मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे यांनाही हाच नियम. बरोबर दाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाला ओलावा हद्दपार. त्यासाठी किटली. रवा खमंग भाजून, कोरडी फोडणी, मीठ आणि लिंबाऐवजी आमचूर घालून बरणी भरून ठेवायची. हॉटेलात वाटीभर काढून वर उकळतं पाणी, झाकण, दहा मिनिटं. पोह्यांचंही तसंच, वर जिरावन (आमचा इंदुरी चटपटीत मसाला) आणि शेव. रुसू नकोस, इंदुरी माणूस जिरावनाची पुडी पासपोर्टच्या शेजारी ठेवतो, आणि त्याला कारणही आहे. कोरड्या हवेत आणि कमी दाबात जीभ-नाक मंदावतात, मिठाची आणि गोडाची चव कमी लागते. कंपनीच्या बेचव भाजीवर चिमूटभर जिरावन टाकलं की तीच भाजी माणसात येते.

आणखी एक युक्ती, ही मला एका जुन्या कॅप्टनने सांगितली. रूम सर्व्हिसच्या कार्डावर सगळ्यात स्वस्त काय असतं? साधा भात आणि साधं दही. तेवढंच मागवायचं. मेतकूट आणि तुपाची छोटी डबी आपल्या बॅगेत असतेच. गरम भात, मेतकूट, तूप आणि शेजारी दही. पाचशेच्या थाळीपेक्षा मी हे केव्हाही पसंत करीन.

मधल्या भुकेला फुटाणे आणि शेंगदाणे. 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, फुटाण्यात साधारण 20. प्रोटीन बार म्हणून चकचकीत कागदात जे विकतात त्याच्या किमतीत इथल्या सियागंज बाजारातून महिन्याचे फुटाणे येतात. राजगिऱ्याचे लाडू चालतात. डिंकाचे थंडीत, आणि एकच, कारण खुर्चीत बसून राहणाऱ्याला ते तूप पचायला हवं.

मटकीची उसळ, राजमा, छोले उड्डाणाआधी नको. हसू नकोस. केबिनमधला दाब 8,000 फुटांवरच्या हवेइतका उतरला की समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश उरतो, म्हणजे कोंडलेला वायू सुमारे तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. आतड्यातला वायूही वायूच. हाच न्याय डब्याला: रबर लावलेला घट्ट डबा वर असताना खाऊन बंद केलास की खाली उतरल्यावर झाकण असं चिकटतं की दोघांनी ओढावं. साधा कडीचा स्टीलचा डबा बरा.

पातळ काहीही कॉकपिटमध्ये उघडायचं नाही. ताक नाही, आमटी नाही, आणि चहा-कॉफी झाकणाच्या कपातच. फेब्रुवारी 2019 मध्ये फ्रँकफर्टहून कानकूनला निघालेलं एक एअरबस ए330 अटलांटिकवरून वळवून आयर्लंडमधल्या शॅननला उतरवावं लागलं, का तर कॅप्टनची बिनझाकणाची कॉफी ऑडिओ पॅनेलवर सांडली, पॅनेल तापलं आणि धूर यायला लागला. कॉफीने हे केलं, तर आपल्या गूळ-चिंचेच्या आमटीने काय होईल!

आता जे वहिनींना पटणार नाही ते. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर एकच जेवण जेवत नाहीत. एकाला बाधलं तरी दुसरा उभा राहिला पाहिजे. फेब्रुवारी 1975 मधली गोष्ट चिन्मयला नीट सांग. टोकियोहून पॅरिसला निघालेलं जपान एअरलाइन्सचं जंबो, 344 प्रवासी. वाटेत अँकरेजला चढवलेल्या नाश्त्याच्या ऑम्लेटमधल्या हॅमने 197 जण आजारी पडले, त्यातले 143 इस्पितळात. हॅमला हात लावणाऱ्या आचाऱ्याच्या बोटांना पिकलेले फोड होते आणि अन्न कित्येक तास नीट गार न करता ठेवलेलं. वैमानिक वाचले, कारण ते अँकरेजला चढले होते, त्यांच्या घड्याळाने ती संध्याकाळ होती आणि त्यांनी ऑम्लेटऐवजी स्टेक खाल्ला. म्हणून चिन्मयने दशमीचा डबा शेजाऱ्यापुढे करायचा तो उतरल्यावर. आपल्या घरात एकट्याने खाणं वाईट दिसतं, तिथे एकत्र खाणं वाईट. आणि हाताला जखम असेल त्या दिवशी डबा दुसऱ्याने भरायचा.

मनाई असलेल्या गोष्टी थोडक्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात न्यायच्या नाहीत. तेलामुळे आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात ते धरतात, धोकादायक मालाच्या यादीत ‘कोप्रा, यूएन 1363’ असा त्याचा क्रमांकच आहे. वहिनींना म्हणावं, आशीर्वादाचा नारळ घरी ठेवा. दुसरी खसखस. अफू पिकवणारे नीमच-मंदसौर आपल्या शेजारी, त्यामुळे मालव्यात खसखशीचं काही वाटत नाही, पण दुबईत आणि सिंगापुरात ती बंदीच्या यादीत आहे. अनारसे घेऊन उतरलास तर अनारशाचा खुलासा करत बस. शिवाय 2022 पासून डीजीसीएने (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) क्रूची अचानक मादक पदार्थ चाचणी सुरू केली आहे, त्यात अफूवर्गीय पदार्थही तपासतात. खसखशीने त्या चाचणीत गोंधळ होऊ शकतो. तेव्हा खसखशीचा हलवा रिटायर झाल्यावर. अल्कोहोल असलेला माउथवॉशही नको, ब्रेथ ॲनालायझर कोणाचं ऐकून घेत नाही. परदेशात फळ विमानातच संपवायचं. सुरी बॅगेत नको, पेरू घरूनच चिरून.

ट्रिपच्या मध्ये विमानतळावर खायची वेळ आलीच तर कोलकात्याला उडान यात्री कॅफे शोधायचा. डिसेंबर 2024 मध्ये तिथेच तो पहिल्यांदा निघाला, तेव्हा 10 रुपयांत चहा, 20 रुपयांत समोसा. इतर ठिकाणी किती लागतात ते तूच कधीतरी मोजले आहेस, मला मोठ्याने ऐकवलेही आहेस.

आणि इंदूरचा लेओव्हर, म्हणजे मुक्काम, मिळाला तर हॉटेलात थांबायचं नाही, सरळ घरी यायचं. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खायला मी स्वतः घेऊन जाईन, पण दुसऱ्या दिवशी त्याला ड्यूटी नसेल तरच. पहाटेचं रिपोर्टिंग असेल तर आईच्या हातचा मऊ वरणभात आणि साडेआठला झोप. तो कुरकुर करेल, करू दे.

त्याचा पहिला रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, आला की मला पाठव. कुठल्या दिवशी किती सेक्टर, रात्र कुठे, हे बघून पहिल्या ट्रिपचा डबा आपण तिघं मिळून फोनवर ठरवू. मेतकूट इथून पाठवतो आहे, अर्धा किलो. त्यातलं निम्मं तू खाणार हे गृहीत धरलं आहे.

वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझा,
बाळ्या