तुलसीच्या कौतुकात कापूस आणि अंगणवाडी राहून गेली

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

श्रीमती स्मृती इराणी 29 जुलै 2025 पासून ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेत पुन्हा दिसू लागल्या आणि तेव्हापासून त्यांच्या जीवनावर वृत्तपत्रांतून पुष्कळ मजकूर आला. आपल्या दैनिकातही आला. मी तो आस्थेने वाचला, परंतु दरवेळी तो मालिकेतल्या त्यांच्या तुलसी या सुनेच्या भूमिकेपासून सुरू झाला आणि तुलसीपाशीच संपला. 2003 मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला तेव्हापासून 2024 मध्ये अमेठीत त्यांचा पराभव झाला तोवरची वीस-एकवीस वर्षे दोन-चार ओळींत आटोपण्यात आली. राळेगाव तालुक्यातील एका खेड्यात राहणाऱ्या, घरी सात एकर कोरडवाहू कापूस असलेल्या आणि पस्तीस वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम करून 2022 मध्ये निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला ही उणीव फार खटकली, कारण त्या काळातील जवळजवळ आठ वर्षे आमच्या घराचे दोन्ही आधार याच बाईंच्या खात्यांशी बांधलेले होते. जुलै 2016 ते जुलै 2021 या काळात त्या केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री होत्या, आणि हमीभावाने कापूस घेणारे भारतीय कापूस महामंडळ, ज्याला आम्ही सारे सीसीआय म्हणतो, त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. मे 2019 पासून जून 2024 पर्यंत त्या महिला व बालविकास मंत्री होत्या, आणि अंगणवाडीचा कारभार त्या खात्याकडे असतो.

तुलसीविषयी माझ्या मनात अनादर नाही, हे आधीच सांगते. 3 जुलै 2000 रोजी ही मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या गावात केबल मोजक्या घरी होती. रात्री साडेदहाला सरपंचांच्या वसरीत आम्ही बाया मुलांना मांडीवर निजवून बसत असू, आणि वीज गेली की कंदिलाच्या उजेडात पुढे काय झाले असेल याची चर्चा करीत घरी परतत असू. मालिकेतला तुलसीचा नवरा मिहीर मेल्याचे दाखवले, त्यानंतर सुटीच्या दिवशी मी वेचणीला गेले असता शेजारच्या तासात वेचणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशीने ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करता करता डोळे पुसले, ते मी विसरलेले नाही. ज्या बाईने दिल्लीतल्या साध्या घरातून मुंबईला येऊन, 1998 च्या मिस इंडिया स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत जाऊन, पुढे उपाहारगृहात नोकरी करून दिवस काढले आणि नंतर आठ वर्षे देशभरातल्या घरांत एका सुनेचे स्थान मिळवले, तिचे कष्ट कोणीही मानले पाहिजेत.

पण याच लोकप्रियतेचा दुसरा परिणाम असा झाला की विरोधकांनी त्यांना ‘नटी’ म्हणून हिणवले आणि समर्थकांनी ‘तुलसी’ म्हणून डोक्यावर घेतले. मंत्री म्हणून त्यांच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. ‘नटी’ हा शब्द आमच्या विदर्भात शिवीसारखा वापरला जावा, याचे मला विशेष वाईट वाटते. दिवाळीनंतर वडशापासून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियापर्यंत झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. त्यांतल्या स्त्री कलावंत थंडीच्या रात्री एका गावचा प्रयोग संपवून दुसऱ्या गावी जातात आणि त्या कमाईवर लेकरांचे शिक्षण करतात. कलावंत बाईने राजकारणात येणे ही नवलाईची गोष्टही राहिलेली नाही. दूरदर्शनवरील सीता, श्रीमती दीपिका चिखलिया, 1991 मध्ये बडोद्यातून लोकसभेत गेल्या. आमच्या शेजारच्या अमरावतीने 2019 मध्ये पूर्वीच्या चित्रपट अभिनेत्री श्रीमती नवनीत राणा यांना अपक्ष म्हणून निवडून दिले आणि 2024 मध्ये त्या भाजपच्या उमेदवार असताना त्यांना घरी बसवले. मतदार बायांना पडदा आणि कारभार यांतला फरक कळतो. लिहिणाऱ्यांनी तो आमच्याइतकाच मनावर घ्यावा.

श्रीमती इराणी यांचा राजकीय प्रवास आयता नव्हता. 2004 मध्ये त्या चांदणी चौकातून कपिल सिब्बल यांच्याकडून हरल्या. त्याच वर्षी डिसेंबरात गुजरातच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पद सोडावे म्हणून त्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि पुढे तो मागे घेतला. 2011 मध्ये त्याच गुजरातमधून त्या राज्यसभेवर गेल्या. 2014 मध्ये अमेठीत राहुल गांधी यांच्यासमोर एक लाखाहून अधिक मतांनी पराभूत झाल्यावर त्या मतदारसंघात पाच वर्षे सतत जात राहिल्या, आणि 2019 मध्ये 55 हजारांहून अधिक मतांनी तिथेच जिंकल्या. हरलेल्या उमेदवाराने हरलेल्या गावी परत परत जावे, ही गोष्ट आमच्याकडे इतकी दुर्मीळ आहे की पक्ष कोणताही असो, मी तिला मान देते. 2024 मध्ये किशोरीलाल शर्मा यांनी त्यांना 1 लाख 67 हजार मतांनी हरवले.

2014 मध्ये वयाच्या 38 व्या वर्षी त्या मनुष्यबळ विकास मंत्री झाल्या, तेव्हा त्यांच्या पदवीवरून गदारोळ झाला. निरनिराळ्या निवडणुकांच्या प्रतिज्ञापत्रांत शिक्षणाची माहिती वेगवेगळी कशी, हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे सरळ उत्तर मिळायला हवे होते. पण त्या प्रश्नाच्या आडून ‘कमी शिकलेली बाई काय शिक्षण खाते चालवणार’ असे जे बोलले गेले, ते दहावी शिकलेल्या आणि गावच्या तीन पिढ्यांना पाटीवर पहिले अक्षर गिरवायला लावलेल्या बाईला फार लागते.

आता कापसाविषयी. हमीभाव जाहीर होतो तो कृषी खात्याच्या शिफारशीवरून, हे खरे. परंतु तो भाव शेतकऱ्याच्या पदरात पडतो की नाही, हे सीसीआय किती केंद्रे उघडते, कधी उघडते आणि किती दिवस चालू ठेवते यावर ठरते. 2019-20 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला 5550 रुपये हमीभाव होता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, बाजार बंद झाले आणि खासगी भाव हमीभावाच्या बरेच खाली गेले. आमचा तीस क्विंटल कापूस त्या उन्हाळ्यात निजायच्या खोलीत छताला टेकला होता. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते; माझ्या लहान नातवाच्या मानेवर आणि कोपरांवर चट्टे उठले होते, आणि आम्ही सारे अंगणात झोपत होतो. नोंदणी झाली होती, नंबर यायचा होता, आणि दुसरीकडे मृग तोंडावर आल्याने बियाण्याला पैसा हवा होता. अखेर जूनमध्ये आमची गाडी लागली आणि पूर्ण हमीभाव मिळाला. त्या एका हंगामात सीसीआयने देशभरात शंभर लाख गाठींहून अधिक कापूस घेतला, आणि ही खरेदी नसती तर आमच्यासारख्यांची काय गत झाली असती हे मला ठाऊक आहे. त्याचे श्रेय त्या खात्याच्या मंत्र्यांना मी मोकळ्या मनाने देते. मग 7 ऑक्टोबर 2020 रोजी, जागतिक कापूस दिनी, श्रीमती इराणी यांनी भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव दिले. नाव सुंदर आहे. सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या क्विंटलमागे त्या नावाने किती रुपये वाढले, हे मात्र कोणत्याही बातमीत मला वाचायला मिळाले नाही, आणि आमच्या भावात तर ते कधी दिसले नाही.

अंगणवाडीविषयी माझे म्हणणे अधिक कडक आहे. सेविकेच्या मानधनातील केंद्राची रक्कम ऑक्टोबर 2018 मध्ये 3000 रुपयांवरून 4500 रुपये झाली आणि मदतनिसाची 1500 वरून 2250. ही वाढ श्रीमती इराणी यांच्या आधीची आहे. त्या मंत्री असलेल्या पाच वर्षांत केंद्राने त्यात एका रुपयाचीही भर घातली नाही. या पाच वर्षांत करोना होऊन गेला. तेव्हा आम्ही तोंडाला पदर बांधून घरोघर आहाराची पाकिटे पोचवली, बाहेरून परतलेल्या मजुरांच्या याद्या केल्या, तापाच्या नोंदी ठेवल्या. मार्च 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदींचे मोबाइल ॲप आले. इंग्रजी पडद्यावर मुलाचे वजन नि उंची भरायची, आणि रेंजसाठी हातात मोबाइल घेऊन गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढायचे, असे माझे शेवटचे वर्ष गेले. त्याच वर्षी राज्यभरातील हजारो सेविकांनी ते मोबाइल शासनाला परत केले होते. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला. म्हणजे जे खात्याने स्वतःहून द्यायचे, ते बायांना न्यायालयात जाऊन मागावे लागले. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत संप चालला. आमच्या गावची अंगणवाडी त्या काळात बंद होती, आणि दारात येऊन कुलूप हलवून परत जाणारी मुले मी माझ्या ओट्यावरून पाहत होते. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात सेविकांना आयुष्मान भारतचे संरक्षण देण्याची घोषणा झाली, ती स्वागतार्ह आहे. पण जिची मालिकेतली कहाणी सासू-सुनेच्या हक्कांवर उभी होती, त्या बाई हातात खाते असताना लाखो सेविकांच्या मानधनासाठी भांडताना आम्हाला दिसल्या नाहीत, याचे दुःख मोठे आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर 2023 मध्ये राज्यसभेत पगारी मासिक पाळी रजेविषयी प्रश्न आला असता, पाळी हे अपंगत्व नसून स्त्रीच्या जीवनाचा नैसर्गिक भाग आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हे उत्तर ऐकायला धीट वाटते, आणि पाळीला विटाळ मानण्याच्या रीतीविरुद्ध ते कोणी बोलले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण प्रश्न रजेचा होता. निंदणाला जाणाऱ्या बाईचा त्या दिवसांत खाडा झाला की मजुरी बुडते, म्हणून ती पोटात गोळा आला तरी उन्हात वाकून काम करते. शेतात आडोसा नसतो आणि पाणी बांधापलीकडे असते. तिला अपंग कोणीच म्हणत नव्हते. तिला एक दिवसाचा दम हवा होता.

संपादक महोदय, श्रीमती इराणी यांच्यावर पुढे जेव्हा आपण लिहाल, आणि त्या पुन्हा पडद्यावर आल्याने तसे प्रसंग येतीलच, तेव्हा आपल्या वार्ताहराने त्यांना तुलसीच्या साड्यांविषयी अवश्य विचारावे. त्यासोबत माझ्या वतीने दोन प्रश्न विचारावेत, एवढी विनंती आहे. पाच वर्षांत 4500 चे 4501 का झाले नाहीत? आणि 2020 च्या उन्हाळ्यात ज्या घरांतून कापूस जूनपर्यंत पडून होता, त्यांच्यासाठी खरेदी केंद्रे लवकर उघडण्याचा कोणता नियम त्या मागे ठेवून गेल्या? त्यांची उत्तरे जशीच्या तशी छापावीत. आमच्या गावात आपले दैनिक सकाळी नऊच्या एसटीने येते आणि अंगणवाडीच्या ओट्यावर वाचले जाते.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ