काकू, बर्फ हातात घेऊन बघायला शिकवलेत त्याबद्दल

ऑस्लो, 12 एप्रिल 2026

आदरणीय काकूंना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही ऑस्लोतले बिऱ्हाड आवरून पुण्याला लेकीकडे राहायला गेलात, त्याला आता सहा महिने होत आले. निघण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी आभाराचे दोन शब्द बोलायला लागले, तर ‘घरच्या माणसाचे आभार कसले मानतेस’ म्हणून तुम्ही मला चहाचे कप विसळायला लावलेत. त्या दिवशी राहिलेले आज चारचौघांसमोर लिहिते आहे. नॉर्वेत नव्याने आलेली मराठी मंडळी जानेवारी-फेब्रुवारीत उत्साहाने क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) लावून बर्फाच्या वाटांवरून चढउतार करत जाणे, शिकतात आणि एप्रिलच्या उन्हातल्या पहिल्याच फेरीत हताश होऊन स्की अडगळीत टाकतात, हे मी वारंवार पाहते. तुम्ही भेटला नसता तर माझेही तेच झाले असते.

2023 च्या एप्रिलमधली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. मेट्रोच्या एक नंबरच्या मार्गावरचे शेवटचे स्थानक, फ्रोग्नेरसेटेरेन, तिथून मी नूर्मार्काच्या जंगलात शिरले होते. स्की भाड्याच्या होत्या आणि दुकानदाराने त्यांना ऐन थंडीत लावतात तेच घट्ट निळे मेण लावून दिले होते. पहिल्याच चढावर पाय पुढे टाकला की स्की मागे घसरायची. सगळा भार काठ्यांवर येऊन खांदे भरून आले होते. चौथ्यांदा गुडघ्यावर पडले तेव्हा तोंडून ‘आई गं’ निघाले आणि खालून तुमचा आवाज आला, ‘मराठी आहेस ना? जागची हलू नकोस, मी येते वर.’

तुम्ही वर आलात, पण माझ्या स्कीकडे पाहिलेही नाहीत. माझा हातमोजा काढायला लावलात, वाटेच्या कडेचा मूठभर बर्फ माझ्या तळहातावर ठेवलात आणि ‘कसा लागतो सांग’ म्हणालात. मी म्हटले, जाड्या मिठासारखा. मग तुम्ही उभ्या उभ्या जे समजावून सांगितलेत, ते मी त्याआधी कोणाकडूनही ऐकले नव्हते. स्कीला मधोमध धनुष्यासारखी कमान असते. दोन्ही पायांवर भार असला की ती जमिनीपासून जराशी उचललेली राहते आणि स्की सुळकन सरकते, पण एका पायावर सारा भार देऊन खाली दाबले की कमान सपाट होते, तिथले मेण बर्फाला टेकते आणि क्षणभर पकड घेते. थंडीतल्या ताज्या बर्फाच्या कणांना टोके असतात, ती घट्ट मेणात रुततात. वसंतातला बर्फ मात्र दिवसा वितळून आणि रात्री गोठून गुळगुळीत कणीसारखा झालेला असतो, त्याला टोकच उरत नाही, मग मेणात रुतणार काय? ‘तुझे पाय चुकत नाहीत गं, मेण चुकले आहे,’ हे तुमचे वाक्य ऐकून मला किती हायसे वाटले, ते मी तुम्हाला कधी सांगितले नाही. चढावर तासभर स्वतःला दोष देत होते मी.

मग तुम्ही कोटाच्या आतल्या खिशातून, अंगाच्या उबेत ठेवलेली क्लिस्टरची, म्हणजे अशा कणीदार बर्फासाठीच्या चिकट मेणाची, नळी काढलीत. क्लिस्टर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. काकवीसारखे दाट आणि फणसाच्या चिकासारखे चिवट. मी रत्नागिरीकडची, तेव्हा फणसाचा चीक म्हणजे काय हे मला सांगावे लागत नाही. तुम्ही माझ्या स्कीवरचे जुने मेण खरवडून काढलेत, कागदाने तळ कोरडा केलात आणि पायाखालच्या भागात मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारखे तिरपे पट्टे ओढलेत. नंतर अंगठ्याने ते इतके पातळ पसरलेत की खालचा रंग दिसत राहिला. ‘जाड थापलेस तर थांबशील, पातळ लावलेस तर चालशील.’ मी लगेच पाय अडकवायला निघाले, तर तुम्ही थांबवलेत आणि स्की झाडाच्या सावलीत पाच मिनिटे उभ्या करून ठेवल्यात, क्लिस्टर गार होऊन बसावे म्हणून. त्यानंतर त्याच चढावर माझी स्की जागेवर रोवल्यासारखी थांबली. चढाच्या माथ्यावर मला रडू आले होते, ते तुम्ही पाहिलेत आणि काही बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार.

पुढच्या दोन हंगामांत तुम्ही मला वेळ ओळखायला शिकवलेत. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फाची ऊब वर निघून जाते आणि सकाळी पृष्ठभागावर इथले लोक ‘स्कारे’ म्हणतात तसे टणक कवच धरते. तेव्हा निळे क्लिस्टर. ऊन चढले, कवच सुटले आणि कणी ओली झाली की लाल. आणि दोन्हींच्या मधल्या, दर वळणाला बदलणाऱ्या हवेत सगळीकडे चालणारे युनिव्हर्सल. ताजा बर्फ पडला असेल तर मात्र क्लिस्टरच्या वाटेला जायचे नाही, कारण तळाला ढेकळे चिकटून स्कीची खडावा होते. दुपारच्या ओल्या बर्फात स्की पुढे का सरकत नाही, हे तुम्ही ओल्या ओट्यावर ओले ताट ठेवून दाखवले होतेत. पाण्याचा थर मध्ये आला की ताट उचलता उचलत नाही; म्हणून वसंतात तळाला ठळक खाचा हव्यात, पाण्याला वाट हवी. आता बाजारात पायाखाली लोकरी पट्टी बसवलेल्या स्की मिळतात आणि मेणाची कटकटच नको म्हणून पुष्कळ जण त्या घेतात. त्यात गैर काही नाही. पण मेण निवडण्यासाठी दर वेळी वाकून बर्फाला हात लावावा लागतो, आणि त्या हात लावण्यातच सगळे शिकणे आहे, असे मला तुमच्यामुळे वाटते.

सर्वांत मोठे ऋण मात्र 2025 च्या ईस्टरमधले आहे. त्या वर्षी ईस्टर उशिरा, 20 एप्रिलला होता. आपण ऑस्लोहून बर्गनच्या गाडीने फिन्सेला गेलो होतो. समुद्रसपाटीपासून 1222 मीटर उंचीवरच्या त्या स्थानकाला मोटाररस्ता नाही, गाडीतून उतरायचे आणि थेट बर्फात पाऊल ठेवायचे. सकाळी सातला आपण निघालो तेव्हा कवच इतके टणक होते की काठीचे टोक टणटण वाजत होते. निघण्याआधी तुम्ही माझ्या हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूला सनस्क्रीन लावलेत. बर्फावरून ऊन खालूनही येते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. पर्यटन संघाने वाटेवर रोवलेल्या बर्चच्या काटक्या धरून आपण चाललो होतो. अकराच्या सुमारास एका ओढ्यापाशी आलो. ओढा बर्फाखाली होता, पण मधोमध बर्फ खचून किंचित निळसर-करडा झाला होता आणि कान दिला तर खाली पाण्याचा आवाज येत होता. पलीकडची टेकडी, जिथे संत्री सोलून खायचे आपण ठरवले होते, ती समोर दिसत होती. मी म्हटले, पटकन ओलांडू. तुम्ही काठी बर्फात खुपसलीत, ती मुठीपर्यंत आत गेली. तुम्ही शांतपणे स्की वळवल्यात.

मी तेव्हा रुसले होते, हे आज कबूल करते. परतताना तुम्ही 1967 च्या ईस्टरची हकीकत सांगितलीत: त्या एका सुट्टीत इथल्या डोंगरांत 18 माणसे गेली आणि त्यानंतर पर्वतात वागण्याचे नियम घरोघरी पोचवले गेले. त्यातला आठवा नियम तुम्ही मराठीत म्हणून दाखवलात, ‘वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.’ आमच्या घरी अर्ध्यावर सोडलेल्या कामाला नावे ठेवण्याची पद्धत होती, त्यामुळे हे वाक्य मला पचायला वेळ लागला. उतरताना सावलीत स्की काचेवरून जावी तशी धावायची आणि उन्हाच्या पट्ट्यात शिरताच चिखलात रुतल्यासारखी थांबायची. तुम्ही माझ्यापुढे राहून दर पट्ट्याआधी काठी उंचावत होतात आणि एक पाय वीतभर पुढे, गुडघे सैल, भार टाचांकडे, असे करून दाखवत होतात. मी एकदाही पडले नाही. स्थानकाजवळ पोचलो तेव्हा सरोवराच्या कडेला बर्फावर पाणी साचलेले आपण दोघींनी पाहिले. सकाळी ते नव्हते.

यंदा ईस्टर 5 एप्रिलला झाला. आदल्या शनिवारी मी ऑफिसातल्या दोन मराठी मुलींना घेऊन नूर्मार्कात गेले होते. निघायच्या आधी दोघींचे हातमोजे काढायला लावले आणि त्यांच्या तळहातावर बर्फ ठेवला. एक म्हणाली रवा, दुसरी म्हणाली ओली साखर. त्यावरून युनिव्हर्सल लावायचे ठरले आणि ते बरोबर निघाले. साडेबाराला वाटेत पाणी दिसू लागले तेव्हा आम्ही मागे वळलो. धाकटी थोडी हिरमुसली, मी तिला काही बोलले नाही. तुम्ही दिलेला पत्र्याचा डबा बरोबर होता. त्यातली निळी नळी संपली आहे, तिच्या जागी नवी आणून ठेवली आहे. खरवडणी तुमचीच वापरते. गुडघ्याचे काय म्हणतात डॉक्टर, ते कळवा.

तुमचीच,
स्कीच्या वाटेवरची धाकटी सोबतीण