कात्रण पंचांगात होतं

कुडाळ

चि. मुक्ता हीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नाटकाचं रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा शेजारची मंडळीही होती. व्हिसाच्या खिडकीपुढे तू गाऱ्हाणं घालतेस आणि तुझे ते अमेरिकन वादक एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तिथे आम्ही हसून लोळलो. अमेरिकेतल्या नोकरीच्या त्या एच-वन-बी व्हिसाच्या ६५,००० जागा, वर तिथल्या मास्टर्सवाल्यांना २०,०००, हा हिशेब गाऱ्हाण्यात इतका फक्कड बसेल असं वाटलं नव्हतं.

एक मात्र खटकलं. गाऱ्हाणं म्हणजे अर्ज नव्हे. ते आपल्या गावच्या देवाला घालायचं, हक्काने. त्याने ऐकलं नाही तर पुढच्या वर्षी त्यालाच जाब विचारता येतो. त्या खिडकीमागच्या साहेबाला तू काय जाब विचारणार? मग वाटलं, म्हणूनच तू ते तिथे घातलं असशील. तुझं तू जाणे.

इंजिनिअरांना शिक्षणानंतर तिथे काम करायला एक वर्ष आणि वर आणखी २४ महिने, नाटक शिकलेल्यांना मात्र वर्षच, हे गाणं आई स्वयंपाक करताना गुणगुणते. चाल चुकवते.

आजोबांच्या प्रवेशात एक दुरुस्ती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी ते ट्रंक घेऊन गावी आले, इथवर ठीक. पण ते रडले-बिडले नाहीत. ट्रंक रिकामी केली नाही, एवढंच. सदरा काढायचे, घालायचे, धुऊन परत घडी करून ट्रंकेतच ठेवायचे. गिरणी सुरू झाली की निघायचंच आहे, म्हणायचे.

आता माझ्याबद्दल. एच-वन-बीच्या लॉटरीत नंबर लागला नाही, वर्षाची मुदत संपली आणि पुढच्या ६० दिवसांत गाशा गुंडाळून तू घरी आलीस. अकरा महिने पडवीत तुझी पेटी वाजत होती. लोकांपुढे मी तोंड पाडून 'नशीब एकेकाचं' म्हणायचो आणि घरात येऊन सोलकढी दोनदा मागून घ्यायचो.

नाटकातला बाप रात्रभर माळा उपसून तुझ्या प्रयोगाचं कात्रण शोधून काढतो. लोक टाळ्या वाजवतात. मला मान वर करवेना. कलाकारांच्या त्या ओ-वन व्हिसासाठी वकिलाला ते कात्रण इंग्रजी भाषांतरासकट हवं होतं, आणि मी आठ दिवस 'सापडत नाही' म्हणत होतो. ते पंचांगात होतं. मीच ठेवलेलं.

नवव्या दिवशी तुझ्या खोलीत पंखा पुसायला गेलो. कॉटखाली तुझी बॅग, अर्धी उघडी. कपाट रिकामं. धुतलेले कपडे घडी करून तू बॅगेतच ठेवत होतीस. अकरा महिने! बाहेर येऊन पंचांग उघडलं.

मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीबाहेर तुझा फोन धरून उन्हात उभा होतो, ते मात्र खरं. आत फोन नेऊ देत नाहीत, हे तिथे आलेल्या चौघांना मीच समजावून सांगितलं. ते गाणं तसंच ठेव.

कात्रणाचं बदलायचं तर बदल. फक्त आईला हे ठाऊक नाही. नवीन रेकॉर्डिंग पाठवण्याआधी मला एक फोन कर.

तुझा,
बाबा